नायट्रोत पहिल्यांदा बसणार असाल तर हे वाचून जा

खोपोलीच्या इमॅजिका या थीम पार्कात नायट्रो नावाचा जो मोठा रोलर कोस्टर आहे त्यात मी आत्तापर्यंत नऊ वेळा बसलेय, त्यातली पहिली वेळ डोळे गच्च मिटून काढली त्यामुळे ती मोजायचीच नाही म्हणा. पण त्यानंतर भाऊ, जाऊबाई, ऑफिसातल्या दोघीतिघी, बहिणीचा मुलगा अशा बऱ्याच जणांना मी घेऊन गेलेय आणि दरवेळी तेच प्रश्न येतात, काय घालू, काय खाऊ, उलटी होईल का, पडलो तर? म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. फेरी जेमतेम मिनिटभराची आहे हो, पण ती मिनिटभर कशी जाणार हे सकाळपासून तुम्ही काय काय केलंत त्यावर ठरतं, हे माझं नऊ फेऱ्यांनंतरचं पक्कं मत.

आधी थोडक्यात ओळख. इमॅजिका 2013 च्या एप्रिलमध्ये सुरू झालं, खोपोलीहून पालीला जाणाऱ्या रस्त्यावर, रायगड जिल्ह्यात. मुंबईहून साधारण 75 किलोमीटर आणि पुण्याहून 90 च्या आसपास. नायट्रो बनवलाय बॉलिगर अँड माबियार या स्विस कंपनीने, जगातले कितीतरी नावाजलेले कोस्टर यांचेच आहेत. उंची 40 मीटर, म्हणजे तेरा मजली बिल्डिंगच्या गच्चीवर उभं राहिल्यासारखं समजा, वेग ताशी 105 किलोमीटरपर्यंत, आणि वाटेत पाच वेळा तुम्ही उलटे होता. शिवाय हा फ्लोअरलेस प्रकारचा आहे, म्हणजे पायाखाली फळी वगैरे काही नाही, पाय खाली मोकळे लटकतात आणि त्यांच्याखालून रूळ पळत असतो. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे चपलांच्या वेळी कामाला येईल.

कधी जायचं

मंगळवार, बुधवार, गुरुवार. ज्याला सुट्टी काढणं शक्य आहे त्याने याशिवाय दुसरा विचार करूच नये. दिवाळीची सुट्टी, नाताळचा आठवडा आणि मे महिन्यातले शनिवार रविवार म्हणजे दादर स्टेशनचा संध्याकाळचा पूल. डिसेंबर जानेवारीत शाळांच्या सहली असतात, एकेक शाळा चार चार बस घेऊन उतरते, पण त्यात लहान वर्गातली पोरं असली तर ती छोट्या राइड्सना जातात, त्यामुळे नायट्रोची रांग तितकी वाढत नाही असा माझा अनुभव.

पावसाळ्यात डोंगर हिरवेगार, धबधबे, सगळं छान, पण जोराचा पाऊस आला किंवा विजा चमकायला लागल्या की उघड्यावरच्या राइड्स थांबवतात आणि रायगडातला पाऊस म्हणजे एकदा सुरू झाला की झाला. फक्त नायट्रोसाठी जाणार असाल तर जुलै ऑगस्ट नको. ऑक्टोबरचा शेवट ते फेब्रुवारी सगळ्यात बरं. मे मध्ये गेलात तर दुपारी बारा ते तीन उघड्यावर राहूच नका, आतल्या एसीतल्या राइड्स तेव्हा करायच्या.

तिकीट ऑनलाइन काढा, तारीख ठरवून. आठवड्यातल्या दिवसांचे आणि शनिवार रविवारचे दर वेगळे असतात आणि लवकर काढलं तर बऱ्याचदा ऑफरही मिळते. रांग टाळायचं महागडं एक्सप्रेस तिकीट असतं, ते गर्दीच्या दिवशी घ्यावं, बुधवारी घेणं म्हणजे पैसे वाया. आणि तिकीट काढताना त्याच वेबसाइटवर कुठली राइड मेंटेनन्ससाठी बंद आहे का ते बघा. नायट्रोच बंद असेल आणि तुम्ही त्याच्याचसाठी सगळी गँग जमवली असेल तर परतीच्या गाडीत तुमचं काही खरं नाही.

मुलं बरोबर असतील तर घरीच भिंतीला उभं करून उंची मोजा आणि वेबसाइटवरच्या यादीशी ताडून बघा. प्रत्येक राइडला उंचीची अट आहे आणि गेटवर पट्टी लावलेली असते, तिथे एक सेंटिमीटरसाठीसुद्धा कोणी ऐकत नाही, आणि ऐकूही नये. माझ्या भाच्याला एका वर्षी असं परत यावं लागलं होतं, टाचा उंच करून उभा राहिला पण तिथल्या मुलीने हसत हसत खांदे खाली दाबले. पुढचं वर्षभर घरी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा.

कोणी बसायचं नाही हे पण आत्ताच सांगते कारण तिथे गेल्यावर सगळे उगाच हिरो होतात. गरोदर बायका, हार्टचा त्रास, बीपी जास्त असणारे, मानेचा किंवा पाठीचा त्रास, फिट येणारे, नुकतंच ऑपरेशन झालेले, यांनी नाही म्हणजे नाही. आमचे अहो मणक्याच्या दुखण्यामुळे दरवेळी खाली पर्स आणि मोबाइल सांभाळत उभे असतात, त्यात काही कमीपणा नाही, उलट असा एक माणूस प्रत्येक गँगमध्ये हवाच.

काय घालायचं

सीट कशी असते ते सांगते म्हणजे आपोआप कळेल. खुर्ची प्लास्टिकची, खोलगट, आणि दोन्ही मांड्यांच्या मध्ये पुढे एक उंचवटा असतो, सायकलच्या सीटसारखा. वरून खांद्यांवर जाडजूड हार्नेस खाली येतो आणि त्याचा पट्टा त्या मधल्या उंचवट्यापाशी अडकतो. म्हणजे दोन पाय दोन बाजूला. साडी, घट्ट स्कर्ट बाद. पँट, लेगिंग, थ्री फोर्थ काहीही चालेल. ओढणी, स्कार्फ, गळ्यातलं लांब मंगळसूत्र, कानातले झुंबर हे सगळं काढून खाली. केस मोकळे सोडून रील काढायची हौस असेल तर ती राइडच्या आधी भागवून घ्या, नंतर घट्ट वेणी किंवा अंबाडा, नाहीतर मागच्या माणसाला नाही, तुमच्याच तोंडावर फटके बसतात.

चपला. पाय लटकणार आहेत हे वर सांगितलंय, त्यामुळे स्लिपर किंवा नुसता अंगठा घालायची चप्पल असेल तर ती राइडच्या स्टेशनवरच, म्हणजे जिथे गाडीत चढतो तिथे, काढून ठेवायला लावतात. अनवाणी बसायला काही हरकत नाही, उलट मज्जा येते, वारा थेट तळव्यांना. पण दिवसभर चालणं खूप आहे, म्हणून लेसवाले बूट सगळ्यात उत्तम, लेस दोनदा गाठ मारून.

चष्मा असेल तर मागून दोरी लावा, मेडिकलच्या दुकानात नाहीतर चष्म्याच्या दुकानात चाळीस पन्नास रुपयांना मिळते. खिशात काही म्हणजे काही ठेवू नका. सुटे पैसे, चावी, इअरबड्सची डबी, सगळं लॉकरमध्ये किंवा आमच्या अहोंसारख्या कोणाकडे. उलटं झाल्यावर खिसा रिकामा होतो, आणि ते पडतं ते कुणाच्या तरी डोक्यात पडू शकतं, म्हणून हे लोक तपासतात, चिडू नका.

काय खायचं

उपाशी पोटी जाऊ नका आणि तुडुंब पोटीही जाऊ नका. बहुतेक लोक पहिलं ऐकून दुसरं करतात. आमच्या ऑफिसातली एक जण वाटेत थांबून मिसळ, वर दोन बटाटेवडे आणि ताक पिऊन आली, सल्ला मीच दिला होता की काहीतरी खाऊन ये, त्यामुळे पुढचा सगळा प्रसंग थोडा माझ्यापण खात्यावर जातो. सकाळी पोहे, उपमा, इडली, केळं, बस. राइडच्या आधी दीड दोन तास जड काही नको. पुण्याकडून घाट उतरून येणाऱ्यांना आधीच मळमळत असतं, त्यांनी पोचल्यावर अर्धा तास आधी नुसतं फिरावं. आलेपाकाच्या दोन वड्या रुमालात बांधून आणा, आलं मळमळीला चांगलं. गाडी लागू नये म्हणून गोळ्या मिळतात पण त्यांनी झोप येते, दिवसभर पेंगणार, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. पाणी भरपूर प्या, बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, बॅग उघडून बघतात, त्यामुळे घरच्या दशम्या चटणी पार्किंगमध्येच उरकायच्या.

पोचायचं कसं

गाडी असेल तर एक्सप्रेसवे आणि खोपोलीला बाहेर, तिथून पाली रोड. लोकलने जायचं तर मध्य रेल्वेने खोपोली, थेट गाड्या मोजक्याच आहेत, बऱ्याचदा कर्जतला बदलावं लागतं, टाइमटेबल बघूनच निघा कारण कर्जत खोपोली शटल चुकली की फलाटावर बसून माशा मारायच्या. स्टेशनच्या बाहेरून रिक्षा मिळतात, भाडं आधी ठरवा आणि परतीचं पण तेव्हाच बोलून ठेवा. गेट उघडायच्या आधी अर्धा तास पोचा. हा अर्धा तास पुढे दोन तास वाचवतो.

आत गेल्यावर कुठे पळायचं

इथे दोन मतं आहेत. गर्दीचा दिवस असेल तर गेट उघडल्याबरोबर सरळ नायट्रो, बाकी सगळं नंतर, कारण सगळे लोक प्रवेशाजवळच्या राइड्सना चिकटतात आणि फोटो काढत बसतात. पण तुम्ही आयुष्यात कधीच मोठ्या कोस्टरमध्ये बसला नसाल आणि दिवस रिकामा असेल तर माझा सल्ला पायऱ्या पायऱ्यांनी जायचा. पहिले गोल्ड रश एक्सप्रेस, तो फॅमिलीवाला कोस्टर आहे, वळणं घेतो, थोडा झटका देतो, त्यात ओरडून घ्या. मग डीप स्पेस, तो आतल्या आत अंधारात पळतो, आणि त्यात हळूहळू चढणं नाही, जागेवरून एकदम फेकल्यासारखा सुटतो. अंधारात वळण कुठे येतंय ते दिसत नाही त्यामुळे तिथे ज्याला मजा आली त्याला नायट्रो जमतोच. आणि ज्याचा डीप स्पेसनंतर चेहरा पांढरा पडला त्याला जबरदस्ती करू नका.

राजासॉरस रिव्हर ॲडव्हेंचर मात्र नायट्रोच्या नंतर. त्यात भिजायला होतं आणि ओल्या कपड्यांनी ताशी शंभरच्या वाऱ्यात बसणं म्हणजे डिसेंबरात दातखीळ. (राजासॉरस हा खरा डायनासोर होता बरं का, नर्मदेच्या खोऱ्यात त्याची हाडं सापडली, म्हणून शास्त्रीय नावातही नर्मदा आहे. पोरांना सांगायला बरं.) मिस्टर इंडिया, आय फॉर इंडिया, सलीमगढ या आतल्या राइड्स, त्या दुपारी बाहेर ऊन असेल तेव्हा.

रांगेत

खरी भीती रांगेत असते. राइडमध्ये घाबरायला वेळच मिळत नाही. रांगेत डोक्यावरून गाडी जाते, लोक किंचाळत असतात आणि तुमच्या पोटात गोळा येतो. तेव्हा मोबाइलवर दुसऱ्यांच्या अपघाताचे व्हिडिओ बघू नका, खरंच बघतात लोक. त्याऐवजी गाडीची चाकं बघा, जवळून दिसतात. आपल्या लोकलची चाकं नुसती रुळावर टेकलेली असतात, कोस्टरची तशी नसतात. एक संच रुळाच्या वर, एक बाजूने, आणि एक रुळाच्या खालून. म्हणजे गाडीने रूळ तीन बाजूंनी पकडून ठेवलेला असतो, मग उलटी झाली तरी सुटणार कशी? भाच्याला हे दाखवल्यावर त्याचं थरथरणं निम्मं कमी झालं, उरलेलं निम्मं गाडीला वर ओढणाऱ्या चेनवर गेल्यावर परत आलं ते वेगळं.

लूपकडे, म्हणजे जिथे गाडी उभा वळसा घेऊन उलटी होते त्याकडे, पण नीट बघा. गोल नसतो तो. वरचं वळण लहान आणि खालचं मोठं, उलट्या थेंबासारखा. पूर्वी 1895 च्या सुमाराला अमेरिकेत कोनी आयलंडला पक्का गोल लूप बनवला होता, त्यात शिरताना इतका दाब यायचा की लोकांच्या माना अवघडायच्या. पुढे 1976 साली कॅलिफोर्नियात थेंबाच्या आकाराचा लूप आला, वर्नर श्टेंगेल या जर्मन इंजिनियरचं डोकं, आणि तेव्हापासून सगळे तसेच. शिरताना वळण मोठं असल्यामुळे दाब हळूहळू वाढतो.

पुढची ओळ की मागची? एका ओळीत चार सीट. पुढे बसलात तर समोर काहीच नाही, नुसतं आकाश आणि रूळ, आणि उतारावर गाडीचा बाकीचा भाग अजून मागे चेनवरच असतो त्यामुळे तुम्ही क्षणभर काठावर लटकून खाली बघत राहता. मागे बसलात तर पुढचे डबे तुम्हाला टोकावरून ओढून नेतात, ढुंगण सीटवरून उचललं जातं. पहिल्यांदा बसणाऱ्याने मधली ओळ घ्यावी आणि आतल्या दोन सीटपैकी एक. दुसऱ्या फेरीला पुढची. मागची तिसऱ्यांदा.

बसल्यावर

सामान ठेवा, बसा, ढुंगण पार मागे टेकवा, पाठ सरळ, मग हार्नेस खाली ओढा. वाकडं बसून हार्नेस लावलात तर पूर्ण फेरी वाकडेच राहता. पट्टा लावा. मग एक जण येऊन प्रत्येकाचा हार्नेस खाली दाबून वर ओढून बघतो, तो आल्यावर पोट आत घेऊ नका, नेहमीसारखा श्वास सोडा. पोट आत घेतलंत तर नंतर फार घट्ट बसतो आणि सैल करून मिळत नाही. कोणाचा पट्टा लागलाच नाही तर बसू देत नाहीत, तिथे हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

मग पायाखालची जमीन सरकते. अक्षरशः. तोपर्यंत पाय फरशीवर टेकलेले असतात आणि ती फरशी खाली जाते, समोरचं फाटक उघडतं, पाय हवेत. बऱ्याच जणांची पहिली किंकाळी इथेच निघते, गाडी हललेली पण नसते.

मग चढण. कट कट कट कट आवाज येतो, तो ऐकून लोकांना वाटतं काहीतरी मोडलंय. उलट आहे. गाडीच्या खाली एक आकडा असतो तो रुळावरच्या दातांवरून टकटक पडत जातो, समजा चेन तुटली तरी तो आकडा दातात अडकतो आणि गाडी मागे घसरत नाही. म्हणजे आवाज येतोय तोवर सगळं ठीक. भाचा चढणीवर मला म्हणाला, मावशी, उतरूया का आपण? मी म्हटलं, कुठे, त्या डोंगरावर? समोर सह्याद्रीची रांग दिसते वरून, डोळे उघडे ठेवलेत तर. आवाज थांबला की समजायचं आलो माथ्यावर.

आता महत्त्वाचं. डोकं मागे टेकवा आणि टेकवूनच ठेवा. हार्नेसच्या मधून मान पुढे काढून खाली बघायला गेलात की वळणावर कान आपटतात. डोळे उघडे, आणि गाडी जिकडे वळणार तिकडे बघा, कारण डोळ्याला कळलं की कान आणि पोट पण समजून घेतात, डोळे मिटले की मळमळ वाढते, माझ्या पहिल्या फेरीचा धडा. लूपच्या तळाशी अंग जड होतं, गालसुद्धा खाली ओढले जातात, तेव्हा मांड्या आणि पोटाचे स्नायू घट्ट आवळा, नाहीतर कधी कधी डोळ्यापुढे करडं करडं होतं क्षणभर. श्वास धरून ठेवू नका. ओरडा! ओरडणं म्हणजे श्वास सोडणंच आहे, म्हणून जे लोक गप्प दात आवळून बसतात ते जास्त थकून उतरतात. आमच्या जाऊबाई पूर्ण फेरीभर "अगं आई गं" एवढंच म्हणत होत्या, एकाच सुरात, आणि खाली उतरून सगळ्यात टवटवीत त्याच.

शेवटी ब्रेक लागतो आणि गाडी स्टेशनच्या बाहेरच थांबून राहू शकते. बंद पडली वगैरे नाही. ट्रॅकचे भाग पाडलेले असतात आणि एका भागात एका वेळी एकच गाडी, त्यामुळे पुढचा भाग मोकळा झाल्याशिवाय तुम्हाला आत घेत नाहीत. शांत बसा, हार्नेसशी खेळू नका, फरशी वर येईपर्यंत पाय खाली टेकायला जाऊ नका.

उतरल्यावर

लगेच उठून पळू नका, पाय रबरासारखे होतात. हळू उतरा, पाच मिनिटं सावलीत बसा, दोन घोट पाणी. हात थरथरतात, हसू येतं, काहींना रडू येतं, सगळं नॉर्मल. मळमळलं तर लांब एका जागी नजर लावून बसा, झाडाकडे नाहीतर डोंगराकडे, मोबाइलमध्ये बघितलंत तर संपलं. बाहेर पडताना फोटोचा काउंटर लागतो, तिथे स्वतःचं तोंड बघून घ्या, विकत घ्यायचा की नाही ते नंतर.

परत बसायचं असेल तर किमान अर्ध्या तासाने. दुपारच्या उन्हानंतरची फेरी सकाळपेक्षा थोडी वेगात जाते, चाकं आणि ग्रीस तापलेलं असतं म्हणून, त्यामुळे ज्यांना सकाळी जमलं त्यांनी संध्याकाळी पुढच्या ओळीत बसावं. स्क्रीम मशीन (मोठा झोका) किंवा डेअर टू ड्रॉप (उंचावरून एकदम खाली सोडणारी राइड) लगेच त्याच्यामागे नको, असलं काही आणि कोस्टर एकापाठोपाठ केले की दणकट पोटाचीही वाट लागते.

दुसऱ्या दिवशी मान थोडी आखडते, गरम पाण्याचा शेक द्या, जास्त दुखलं किंवा हाताला मुंग्या आल्या तर मात्र डॉक्टरकडे. आणि परतीची गाडी जो चालवणार आहे त्याने शेवटचा तासभर कुठल्याच राइडमध्ये न बसता चहा प्यावा, ते काम आमच्याकडे अर्थातच अहोंचं.